सोयरिकीच्या आड आलेला हात

साळूबाई पडली ती नवऱ्याच्या एम-एटीवरून. दसऱ्याचा बाजार, मागे झेंडूची गाठोडी सांभाळत ती बसलेली, आणि गोरक्ष गाडी अशी हाणत होता, जणू त्याच्यावाचून पंचवटीतले देव बिनहाराचे राहणार होते. खड्ड्यात गाडी उडाली आणि बाई उजव्या अंगावर आपटली. पुढं हा गृहस्थ भेटेल त्याला सांगत सुटला, की हिनंच नीट धरलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात फोटो काढला. खांद्याजवळ दंडाचं हाड मोडलं होतं, पण जागचं फारसं हललं नव्हतं. ऑपरेशन नको, हात झोळीत ठेवा, जुळून येईल, असं डॉक्टर म्हणाले. गोरक्षला तेवढंच ऐकू आलं. पुढचं साळूबाईनं ऐकलं, कारण हात तिचा होता. व्यायाम शिकवणाऱ्या प्रतिभा मॅडमनी तिला सगळं करून दाखवलं. आधी कमरेत वाकून हात सैल सोडायचा आणि झुलवायचा. मग भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची, रोज थोडी वर.

"दुखेल, पण थांबू नका," मॅडम म्हणाल्या. "हाड आपोआप जुळतं, खांदा आपोआप सुटत नाही. एकदा धरून बसला की मग माझ्याकडे येऊन फारसा उपयोग नाही."

साळूबाईला ते मनापासून पटलं. रविवार कारंज्यापाशी तिची हार विकायची जागा होती. डोक्यावरच्या बांबूला हार टांगायचे, गिऱ्हाइकानं बोट दाखवलं की उतरवून द्यायचे. घरात तिचं काडीचं चालत नव्हतं, तिथं मात्र चालायचं. हात वर गेला नाही तर ती जागाही गेली, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

झोळी सुटली तशी ती परसात वाकून हात झुलवू लागली. एका हातानं अंबाडा बांधता येईना, म्हणून केस मोकळे. शेजारच्या रंगूबाईनं कुंपणावरून पाहिलं आणि तिला वाटलं, बाईच्या अंगात आलं! ती पळत घरी गेली, हळदकुंकू आणि नारळ घेऊन आली, साळूबाईच्या पाया पडली आणि लेकीला स्थळ कधी येईल ते विचारू लागली. साळूबाईला हसावं की रडावं कळेना. दिवस मावळेपर्यंत अर्ध्या मखमलाबादेत बोभाटा झाला.

नेमकी त्याच वेळी थोरल्या लेकाची, रविराजची, सोयरीक सटाण्याला चालली होती. घरात शब्द चाले तो आक्काबाईचा, म्हणजे गोरक्षच्या थोरल्या बहिणीचा. तिनं फर्मान काढलं. सासूच्या अंगात येतं म्हटल्यावर पोरगी कोण देईल? आणि हात अधू म्हटलं तर म्हणतील, सून नको, यांना मोलकरीण हवीय. गोरक्षनं मान डोलावली आणि झुलणं बंद झालं. पाहुणे आले की हात पदराखाली झाकायचा, असंही ठरलं.

राहिली भिंत. पुढच्या खोलीला पाहुण्यांसाठी नवा आकाशी रंग दिलेला. आक्काबाई तिच्या हाताला खांद्यापासून बोटांपर्यंत तेल चोळायची, त्याच तेलकट बोटांचे डाग रंगावर उमटले आणि गोरक्ष खवळला. बाकीच्या भिंती उघड्या विटांच्या, त्यावर बोटं सोलून निघायची. गोठ्यात जावं, तर तिथंही रंगूबाई बघेल म्हणून ओरडा. लग्न होऊ दे, मग काय चढायचं ते चढ, असं त्यानं सांगून टाकलं. ह्या माणसाला भिंत कळत होती, बायको कळत नव्हती.

लग्न धरलं होतं दिवाळीनंतर. सटाण्याकडे कुणी म्हातारं गेलं आणि ते वैशाखावर गेलं. तोवर खांदा धरला. हात छातीपर्यंत यायचा आणि अडायचा. ती दवाखान्यात गेली तेव्हा मॅडमनी हात हलवून पाहिला, आणि इतके दिवस कुठं होतात, एवढंच विचारलं. कारंज्यापाशी आता आक्काबाई बसू लागली. साळूबाई घरात बसून तिच्यासाठी हार ओवायची आणि मनातल्या मनात दोघा बहीणभावांना शिव्या घालायची.

नवी सून उज्ज्वला घरात आली. त्यांच्यात रीत अशी, की सासूनं सुनेचे हळदीचे हात धरून पुढच्या खोलीच्या भिंतीवर चौकटीच्याही वर थापे उमटवायचे. हो, त्याच आकाशी भिंतीवर! साळूबाईनं सुनेचं मनगट धरलं आणि जोर केला. हात छातीपाशीच थांबला. दुखण्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेबरोबर आलेल्या पाठराखीण मावशीनं विचारलं, "हातले काय व्हयनं, विहीणबाई?"

दमलीय ती, असं गोरक्ष घाईनं म्हणाला.

"मोडला होता," साळूबाई म्हणाली. "बरा होणार होता. तुम्हाला कळू नये म्हणून यांनी होऊ दिला नाही."

मावशी चकित झाली. तिची स्वतःची आई अशीच पडली होती. स्वयंपाकघराची भिंत काळी होईस्तोवर बोटं चढवली म्हातारीनं, आणि आता उतरंडीवरचं मडकं काढते. ह्यात लपवण्यासारखं काय होतं, असं तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

आक्काबाईनं पुढं होऊन सुनेचे हात धरले आणि उंच थापे उमटवले. बायकांनी कौतुक केलं. साळूबाई सुनेला म्हणाली, "पोरी, कधी पडलीस, काही मोडलं, तर या घरात कुणाला विचारू नको. खुशाल भिंत घाण कर."

फोटोवाल्याला थापे आणि सून एकत्र हवी होती. काकू, जरा बाजूला व्हा, असं तो साळूबाईला म्हणाला, आणि ती झाली.