फांद्यांत अडकलेली हवा

मी एक जुना स्पंज आहे. भांडी घासायचा नव्हे, समुद्रातला, जिवंत. बोटाएवढ्या जाड अशा माझ्या नारिंगी फांद्या पाहून लोक मला खुशाल झाड म्हणतात. पण मित्रांनो, मी प्राणी आहे. मला ना डोळे, ना तोंड, ना काळीज. अंगभर हजारो बारीक छिद्रं आहेत. त्यांतून पाणी आत घ्यायचं, त्यातले सूक्ष्म जीव खायचे आणि मोठ्या भोकांतून पाणी बाहेर सोडायचं, एवढाच माझा दिनक्रम.

तान्हेपणी दोन दिवस पोहलो, मग खडकाला चिकटलो तो कायमचा. वीस वर्षांनी वादळात तो खडक फुटला. मत्स्यालयातल्या ताईने मला खडकाच्या तुकड्यासकट, पाण्यातल्या पाण्यातच पिशवीत घेतलं आणि टाकीत आणून ठेवलं. माझ्याआधी तिच्याकडे आलेले तिघे स्पंज दगावले होते. म्हणून ती मला जिवापाड जपे. पाचव्या महिन्यात मला नवी फांदी फुटली, तेव्हा ती कौतुकाने वडिलांना घेऊन आली.

वडील पट्टीचे पाणबुडे. चाळीस वर्षं त्यांनी अंघोळीचे स्पंज काढले होते. आता दम पुरत नाही, नजरही मंदावलेली. ताई पाण्यात घालायचं मीठ मोजायला वळली आणि म्हाताऱ्याचा हात आपसूक टाकीत गेला. स्पंज काढायचा, वर धरायचा, पाणी निथळू द्यायचं, ही जन्माची सवय. त्यांनी मला अलगद वर उचललं.

"काय देखणा आहे गं," ते म्हणाले.

"बाबा, त्याला आधी पाण्यात ठेवा."

तोवर माझ्या आतल्या नळ्यांत हवा शिरली होती. ती मला बाहेर ढकलता येत नाही, आणि हवा अडली की तिथे पाणी फिरत नाही. आठवड्याभरात फांद्या पांढऱ्या पडू लागल्या. ताई मेलेला भाग कापत राहिली.

वडील रोज येतात, टाकीपाशी स्टूल ओढून बसतात. "कसा आहे?" विचारतात. ताई "बरा आहे" म्हणते.

काल मात्र त्यांनी काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं. "खरं सांग, किती फांद्या उरल्या?"

"एक, बाबा. ती नवी फुटलेली, तेवढीच."

त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि तसेच बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, कुणालाही मायेने उचलण्याआधी त्याला काय सोसतं ते विचारा. आणि मी गेल्यावर त्या हातांना बोल लावू नका. इतकं अलगद मला कुणीच उचललं नव्हतं.