आपल्या चाकानं दारापर्यंत

औंढा मागं टाकून मोटार चढाला लागली, एकदा ठसकली, दोनदा ठसकली आणि रस्त्याच्या मधोमध बसली. उकंडराव मिस्तरीनं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. सकाळपासून ही तिसरी खेप. शिव्या द्यायलासुद्धा आता त्याच्यात जीव उरला नव्हता.

"पुन्हा?" मागून मंजुळाबाईनं विचारलं.

"पुन्हा," तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवत खाली उतरला.

मोटार कसली, फिरतं घरच होतं ते. दौऱ्यावर हिंडणाऱ्या कुण्या इंग्रज इंजिनेरानं हौसेनं बांधून घेतलेलं. मागं लाकडी खोली, खोलीत निजायला बाक, भांड्यांची फळी, खिडकीला पडदा. साहेब विलायतेला गेला आणि ही म्हातारी त्याच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे उकंडरावाच्या, गळ्यात पडली. तेव्हापासून नवरा-बायको आठवडी बाजार धरून फिरत. आज कळमनुरी, उद्या हिंगोली, परवा जवळा बाजार. जिथं बाजार तिथं मुक्काम. लोकांचे स्टो, कंदील, शिलाईच्या मशिनी उकंडराव दुरुस्त करून द्यायचा, आणि त्याचीच मोटार रस्त्यात बसायची. दिव्याखाली अंधार, असं लोक हसून म्हणायचे. म्हणोत बापडे. एरवी बसली तर तिथंच चूल पेटवायची, काय बिघडलं? घर तर सोबतच होतं.

आजची गोष्ट निराळी होती. गोजरा, त्यांची एकुलती लेक, माघात जवळा बाजारला दिलेली, तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. पण गोजराचं माहेर म्हणजे ही चार चाकं! तिची सासू रुख्मिणीबाई बाई वाईट नव्हती, पण बोलायला धडधडीत. नवरात्राच्या आधीच तिनं सांगून टाकलं होतं, "इवाई, तुमचं घर रस्त्यात बंद पडतं. तिथं माझी सून अडली तर मी कुठं धावू? दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी, दिवे लागायच्या आत, मोटार आपल्या चाकानं माझ्या दारात आणा. आली तर खुशाल न्या पोरीला. न्हाई आली तर बाळंतपण इथंच, मग रडायचं न्हाई."

उकंडराव तेव्हा ताठ मानेनं हो म्हणाला होता. आज दसऱ्याचा दुसरा दिवस होता आणि सूर्य बाभळींवर आला होता.

त्यानं बॉनेट उघडलं. मोटारीला लागतात दोनच गोष्टी, ठिणगी आणि पेट्रोल. पहाटे हिंगोली सोडल्यावर पहिल्यांदा बसली, तेव्हा त्यानं टाकीत काडी घालून पेट्रोल पाहिलं, भरपूर होतं. मग प्लग काढून घासले, हँडल मारलं, आणि चालू झाली. प्लगच होते म्हणाला, खूश झाला. दुसऱ्यांदा बसली तेव्हा पेट्रोलची नळी काढून तोंडानं फुंकली, पुन्हा चालू झाली. कचरा होता म्हणाला. पण एवढा खूश झाला नाही. आता प्लग घासलेले, ठिणगी निळी कडक पडत होती, आणि नळी सोडून बघावं तर दोन थेंब गळाले आणि बंद. टाकीत पेट्रोल आहे, नळी साफ आहे, टाकी वर आहे, इंजिन खाली आहे. मग उतरायला काय धाड भरली?

"पुन्हा फुंका की," मंजुळाबाई म्हणाली.

"किती फुंकू? तोंड सोललं माझं. फुंकली की दोन-चार कोस पळती आन पुन्हा बसती. रोग निराळाच हाय हिचा." त्यानं चाकाला पाठ टेकली आणि तिथंच फतकल मारली. "पोरगं असतं तर निदान हँडल तरी मारलं असतं. माझे खांदे गेले आता."

हे पालुपद मंजुळाबाईला पाठ होतं. पोरगं नव्हतं आणि जी पोरगी होती तिला त्यानं कधी मोटारीच्या नटाला हात लावू दिला नव्हता. पोरीच्या जातीनं तेलात हात घालू नयेत, एवढंच त्याचं म्हणणं. मंजुळाबाईचं सारं लक्ष सूर्याकडं होतं.

इतक्यात रस्त्यालगतच्या बंजारा तांड्याकडून थावरा आला. म्हातारा थावरा, पुढं दोन पांढरे बैल. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सारा मुलूख पालथा घातला होता, आता हा शेती करून राहिला होता. उकंडरावाची आणि त्याची जुनी ओळख.

"काहून बसले मिस्तरी? मोटार रुसली व्हय?"

"रुसली न्हाई रे बाबा, मेली."

"तुमच्या मोटारींनी आमचा लदणीचा धंदा बुडवला," थावरा दात काढून म्हणाला, "तरी माझे बैल तुमच्यावर रुसले न्हाईत बघा. दोर बांधतो, गावापर्यंत ओढून देतो. अंधाराच्या आत पोचवतो, बराबर."

उकंडरावानं एकदा सूर्याकडं पाहिलं, एकदा बैलांकडं. मग म्हणाला, "बांध."

"बांध काय म्हणता!" मंजुळाबाई खाली उतरली. "बैलांनी ओढत नेली मोटार तर इहीनबाई काय म्हणल? आपल्या चाकानं म्हणली ती."

"म्हणू दे. मी थकलो मंजुळे. खरंच थकलो."

मंजुळाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माझ्या आईनं मला धरलं होतं गोजराच्या वक्ताला. दोन्ही हातांनी धरलं होतं. माझ्या लेकराला कोण धरंल?" ती पदर तोंडाला लावून मागं गेली. पण दारात आलेल्या माणसाला चहा द्यायचा राहून कसं चालेल? रडता रडताच तिनं स्टो काढला. घासलेट संपलेलं. नवा डबा ओढला, दगडानं खिळा मारून एक भोक पाडलं आणि डबा वाकडा केला. घासलेट दोनदा बुडबुडलं आणि थांबलं.

"अगं, दुसरं भोक पाड की," उकंडराव बसल्या जागेवरून वैतागून ओरडला. "वारा आत शिरल्याबिगर घासलेट भाईर येईल व्हय? एवढी सालं झाली अन्..."

आणि तो बोलायचा थांबला.

तो उठला. पुढच्या काचेसमोर टाकीचं टोपण होतं, पितळेचं, गोल. त्या टोपणाला बारीकसं एक भोक असतं, टाकीत वारा शिरायला. उकंडरावाला ते ठाऊक नव्हतं असं नाही, पण घरातल्या खुंटीकडं कोण रोज बघतं? टोपणावर तेलात कालवलेला शेंदूर होता, बोटभर जाड, थिजून घट्ट बसलेला, वर झेंडूची पाकळी चिकटलेली. सकाळपासून ते लाल टोपण त्याच्या डोळ्यांसमोर होतं. काडी घालायला त्यानं ते स्वतः काढलं होतं, बोटाला लागलेला शेंदूर धोतराला पुसला होता. टोपण काढलं की टाकीत वारा जायचा, नळी फुंकली की जायचा, आणि तेवढा वारा संपला की पुन्हा टाकी गुदमरायची.

त्यानं टोपण फिरवलं. सुस्स करून टाकीनं श्वास घेतला.

"मंजुळे, हा शेंदूर तू लावलास?"

"खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची न्हाई व्हय?" ती धास्तावून पुढं आली. "हिथूनच तर खाती-पिती ती. खाणाऱ्या तोंडाला देवी बसती. दर साली तिथंच लावते मी. काय झालं?"

दर साली. उकंडराव चिडला असता, पण चिडायलाही ताकद लागते. शिवाय दर साली लावते तर दर साली मोटार का बसली नाही? हे कोडं काही त्याला सुटेना. त्यानं पेटीतून स्टोची पिन काढली, ज्या पिनीनं तो साऱ्या मुलखाच्या स्टोची तोंडं मोकळी करत होता तीच, आणि टोपणाचं भोक टोकरलं. पलीकडून उजेड दिसला. टोपण लावलं, नळी जोडली, हँडल मारलं. मोटार धडधडली.

"ए थावरा, दोर सोड!"

"जा तुमी," थावरा दोर गुंडाळत म्हणाला. "मी मागून येतोच. बसलीच तर."

बसली नाही. चढ चढली, उतार उतरली, जवळा बाजारच्या वेशीत शिरली आणि आपल्या चाकानं रुख्मिणीबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. रुख्मिणीबाई ओट्यावर कंदील घेऊन बसली होती. काच काढलेली, हातात आगपेटी.

"काडी ओढणारच होते मी, इवाई," ती म्हणाली. मग कंदील तसाच खाली ठेवला. "या. गूळ-पाणी घ्या. दिलेला शब्द मोडायची न्हाई मी. पोरगी सकाळपासून बोचकं बांधून बसली हाय, धड जेवली न्हाई."

गोजरा बाहेर आली. जड झाली होती, तोंडावर सूज होती. मंजुळाबाई हात पसरून पुढं झाली, पण पोर आईच्या गळ्यात पडली नाही. सरळ मोटारीच्या पुढं गेली, टाच उंचावून टोपणावरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं.

"भोकातला शेंदूर कुणी काढला?"

"म्या," उकंडराव म्हणाला. "भोक बुजलं होतं. तीनदा बसली रस्त्यात."

"मला वाटलंच." तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत स्टोची एक जुनी पिन होती, टोकाशी लाल डाग पडलेली. "परवा रातभर डोळा लागला न्हाई, अप्पा. खंडेनवमी झाली आन मी काही तिथं न्हाई. आई शेंदूर लावणार, आन सकाळी भोक कोण टोकरणार?"

उकंडरावानं तिच्या हातातून ती पिन घेतली.

"आईला लावू नको म्हणवत नव्हतं," गोजरा खाली मान घालून म्हणाली. "देवीचं ते. आन तुमी तर मोटारीला हात लावू देत नव्हता. मग तुमी तोंड धुवायला गेले की करायची मी. दर दसऱ्याला."

पोरगं असतं तर, पोरगं असतं तर, असं उकंडराव जन्मभर म्हणत आला होता. आणि तेही तिच्या तोंडावर. तो पायरीवर बसला, काळे झालेले हात मांडीवर ठेवून. रुख्मिणीबाईनं पाणी आणून दिलं, ते त्यानं घेतलं, पण पिणं काही झालं नाही.

निघायची वेळ आली तेव्हा मंजुळाबाईनं मागच्या खोलीत बाकावर गोधडी अंथरली आणि लेकीला हाक मारली.

"मागं नको," उकंडराव म्हणाला. त्यानं पुढच्या सीटवर गोधडी टाकली आणि पोरीला हात देऊन वर चढवलं. "हिथं बस, माझ्याजवळ. टोपण दिसंल असं."