पहिली सही

निवृत्तीनंतर सात वर्षांनी मी विद्यापीठात आर्थिक आणि सामाजिक नीतिशास्त्राच्या वर्गात नाव घातलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका समासात दाखवायच्या आणि तोंड उघडायचं नाही, एवढंच मला येत होतं. वर्गातली पोरं मला आजोबा म्हणत आणि माझ्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवत. बायको गेल्यापासून माझ्यासाठी कुणी खुर्ची राखली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते बरंचसं त्या खुर्चीपायी झालं.

प्रकल्पासाठी आमचा चौघांचा गट पडला. एक मुलगा कशावरही वाद घालायचा, त्याला सगळे वकील म्हणत. एक मुलगी प्रत्येक बैठकीत कोण किती वाजता आलं ते लिहून ठेवायची, म्हणून ती मिनिट्स. तिसरी पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची आणि मग वर्गात यायची. चौथा मी.

आमचा विषय होता धुलाई कामगारांची प्रतिष्ठा. अकरा बायकांच्या मुलाखती त्या तिसरीनेच आणल्या, जेवणाच्या सुट्टीत बसून लिहिलेल्या. अहवालात वाचण्यासारखं काही असेल तर ते तेवढंच. बाकी वकिलाची प्रस्तावना होती, आणि तिच्यात 'प्रतिष्ठा' हा शब्द एकतीस वेळा आला होता. मी मोजला. तशी सवयच आहे.

मॅडमनी गटाला एकूण दोनशे चाळीस गुण दिले आणि म्हणाल्या, "आता आपसांत वाटून घ्या. चौघांच्या सह्यांचा कागद आणा. सह्या झाल्या नाहीत तर मी सारखे वाटेन."

आम्ही वाचनालयामागच्या खोलीत बसलो. वकील पेनच्या टोपणाने कान कोरत होता. मिनिट्सने कागद आधीच छापून आणला होता: वकील पंचाहत्तर, मिनिट्स पंचाहत्तर, आजोबा साठ, ती तीस.

"तीस?" मी म्हणालो.

"आठपैकी दोन बैठकांना होती, आजोबा," मिनिट्स म्हणाली. "माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे."

"बैठका सकाळी दहाच्या होत्या. ती कामावर असते."

"तो तिचा निर्णय," वकील म्हणाला.

"मग माझे साठ तिला द्या. मला काय करायचेत?"

"दान वेगळं आणि न्याय वेगळा, आजोबा. दुसऱ्या आठवड्याचं व्याख्यान. तुम्हीच तर पहिल्या रांगेत होता." दोघं हसली. मीही हसलो. वाटलं, याचं बरोबर असेल, मलाच विषय कळला नसेल.

"वयाने मोठे तुम्ही. पहिली सही तुमची," असं म्हणून त्याने तेच पेन माझ्यापुढे धरलं. टोपणाला पिवळट मळ लागला होता. मी कागद वाचला, 'उपस्थीती' दुरुस्त करून 'उपस्थिती' केलं आणि सही केली.

दीड वाजता ती आली. बोटं पांढरी पडून सुरकुतलेली, अंगाला ब्लीचचा वास. तिने कागद पाहिला.

"पन्नासच्या खाली गेले तर माझी वसतिगृहाची खोली जाते," ती म्हणाली.

"तो वसतिगृहाचा नियम आहे गं. गटाचा नाही," मिनिट्स म्हणाली.

तिने माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होतो. पुसून झाला तरी पुसतच होतो. तिने सही केली.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी मॅडमकडे गेलो आणि अडखळत म्हणालो, माझी सही मागे घ्यायची आहे.

"गुण वर गेले, आता उघडता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि तिची स्वतःची सही आहे ना? यालाच आपण संमती म्हणतो. खरं सांगू, चारी गटांत तुमचाच कागद सर्वांत नीटनेटका होता. पुढच्या वर्षी वर्गात दाखवणार आहे." त्या लिंबाच्या वासाचा मलम हाताला चोळत होत्या. तो वास अजून नाकातून जात नाही.

महिनाअखेरीस ती खोली सोडत होती. मी वसतिगृहाच्या फाटकाशी गेलो. दोन पिशव्या आणि एक गादी. आता मावशीकडे राहणार, तिथून धुलाईखाना बसने दोन तासांवर. काम आणि शिक्षण दोन्ही जमणार नव्हतं, म्हणून तिने शिक्षण सोडलं होतं.

"पोरी, तू सही का केलीस?" मी विचारलं. "केली नसतीस तर सारखे साठ मिळाले असते."

"माहीत होतं," ती म्हणाली. "पण वर तुमची सही होती. एक शब्दसुद्धा सुधारला होता तुम्ही. म्हटलं, आजोबांनी नीट वाचून केलीय, म्हणजे माझंच काम कमी पडलं असणार."

तिने पिशवीतून पाठ्यपुस्तक काढलं. पानापानावर बारीक अक्षरात टिपणं होती, काही कागद पाण्याने फुगलेले.

"हे ठेवा. तुमची परीक्षा आहे ना सोमवारी?"

नको म्हणायला हवं होतं. मी तेही घेतलं.