दर्याच्या मापाची होडी

हरेश्वरची पहिली होडी ठरली ती समुद्रापासून लांब, घाटाच्या अलीकडे, भीमेच्या काठच्या वडगाव रासाईत. समुद्राची होडी नदीकाठच्या घरात कशी ठरली, त्याची ही हकीगत आहे.

हरेश्वर मूळचा श्रीवर्धनकडच्या भरडखोलचा कोळी. त्याच्या वडिलांनी सगळी उमर दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून घालवली होती. मिसरूड फुटलं तसा हरेश्वर गावच्याच एका माणसाच्या ओळखीने रांजणगावच्या कंपनीत लागला. तिथे पॅकिंगला असलेल्या हर्षदाशी त्याचं जमलं आणि दोघांनी लग्न केलं. हर्षदा वडगाव रासाईची, धनगराची मुलगी. तिचे वडील बिरदेव एके काळी मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे. आता बंधाऱ्याच्या पाण्यावर त्यांचा ऊस आणि कांदा होता. सारा गाव त्यांना आण्णा म्हणे. कोळ्याच्या पोराशी लग्न केलं म्हणून आण्णा कितीतरी दिवस लेकीशी बोलले नव्हते. पुढे बोलू लागले, जावयाला पानावर बसवू लागले, पण मागच्या गोष्टीचा शब्द त्यांनी कधी काढला नाही. हर्षदानेही काढला नाही.

लग्नानंतर हरेश्वर दौंडच्या पुढे, कुरकुंभ रस्त्यावरच्या एका शेडमध्ये फायबरच्या कामाला लागला. ती शेड वडगावच्या मारुतरावांच्या मुलाची, सत्यजीतची. पाण्याच्या टाक्या आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करणाऱ्यांसाठी होड्या, असा त्याचा धंदा. हरेश्वरचा हात त्या कामात चांगला बसला. पण दुसऱ्यांच्या होड्या करता करता त्याच्या मनात एकच गोष्ट घोळायला लागली. वडील थकले होते, आई गिताबाई एकटीच टोपली घेऊन गावोगाव फिरत होती. दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात त्याने हर्षदाला सांगितलं, "आपण भरडखोलला जाऊ. आपली होडी घेऊ."

ही गोष्ट आण्णांच्या कानावर गेली. ते कुणाला काही बोलले नाहीत. धोतर नीट नेसून मारुतरावांच्या ओसरीवर गेले आणि म्हणाले, "आप्पा, तुमच्या शेडात एक होडी पडून हाय म्हणं. जावयाला द्या." एका गिऱ्हाइकाने सांगून ठेवलेली आणि मग न नेलेली ती होडी होती. आण्णांनी मारुतरावांकडे आजवर काही मागितलं नव्हतं. मारुतराव लगेच म्हणाले, "ने की बिरदेवा. हरेश्वर आपलाच माणूस हाय. हिशोबाचं सावकाश बघू."

रविवारी सकाळी हरेश्वर आणि हर्षदा दौंडहून वडगावला आले, तर दारात ट्रॅक्टर उभा आणि ट्रॉलीत निळी होडी. आण्णा शेजारी उभे होते. हसू दाबल्यामुळे त्यांच्या मिशा हलत होत्या.

"बघा पाव्हणं," ते म्हणाले. "आता नदीवर घालून बघू."

हरेश्वरने होडीच्या कडेवरून हात फिरवला. फायबरच्या मॅटचा एकेक थर त्यानेच बसवला होता. तेवढ्यात ट्रॅक्टर बंधाऱ्याकडे निघाला.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला भीमा संथ पसरलेली होती. पोरांनी होडी पाण्यात ढकलली. ती पाण्यावर अशी बसली, जशी अंगणात टाकलेली बाज. आण्णा आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसले. उभे राहिले, या कडेला गेले, त्या कडेला गेले. होडी हलली नाही. काठावर जमलेले लोक हसायला लागले, आण्णाही हसायला लागले. "आरं, घोंगडं टाकून झोपावं अशी हाय," असं त्यांनी काठाकडे बघून ओरडून सांगितलं. त्यांना इतकं मोकळं हसताना हर्षदाने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे बघितलं, तर तो पाण्याकडे बघत होता.

"मामा," हरेश्वर म्हणाला, "ही दर्याला चालायची नाही."

आण्णांचं हसू तिथंच थांबलं. "म्हंजी? तुमीच केलीया नव्हं ही?"

"मीच केली. उजनीसाठी केली. तिथं ही उत्तम चालेल."

"पाणी ते पाणीच की."

हरेश्वरने पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि तो उथळ पाण्यात उतरला. काठावरच्या दोन गड्यांना बोलावून घेतलं. "मामा, कड घट्ट धरून बसा," तो म्हणाला. तिघांनी मिळून होडीचं पुढचं टोक छातीपर्यंत उचललं आणि एकदम सोडून दिलं. सपाट बूड पाण्यावर फाडकन आपटलं. बंधाऱ्याच्या भिंतीवरचे बगळे उडाले. आण्णांच्या डोक्यावरचं मुंडासं पुढे आलं आणि पाण्याचा सपकारा त्यांच्या मांडीवर बसला.

"इथं आपण उचलली तेव्हा उचलली गेली," हरेश्वर म्हणाला. "तिकडं लाट उचलते. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत उचलते आणि आपटते. खालून पाणी कापणारी धार नसली, पुढचं टोक उंच नसलं, तर माणसाचं कंबरडं जाईल. एखाद्या दिवशी होडीही जाईल."

आण्णा होडीतून उतरले आणि ओल्या धोतरानेच घराकडे चालायला लागले.

दुपारी घरात कुणाला नीट जेवण गेलं नाही. हर्षदाची आई तानुबाई भाकरी थापत होती आणि आण्णा बाहेर बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते भिंतीलाच सांगितल्यासारखे म्हणाले, "मी शब्द टाकून मागितली. आता परत धाडायची म्हंजी आप्पांच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?"

हर्षदाने नवऱ्याला आत बोलावलं. "मग कसली पायजे ते तरी सांगा."

हरेश्वरकडे उत्तर तयार होतं. मोठी बोट. आत बसवलेलं इंजिन, चार खलाशी, रात्रंदिवस बाहेर राहता येईल अशी. ज्या बोटींवर वडिलांनी जन्म काढला तसली. ते सांगताना त्याचा आवाज बदलला.

"आन् खलाशी कोण?" हर्षदाने विचारलं.

"मिळतील."

"कोण मिळतील? तुमचे दोघं भाऊ मुंबईला. गावातली पोरं मोठ्या मालकांकडं. तुम्ही म्हणता तसल्या बोटीला परत माणसं हुडकत फिरायचं आन् त्यांच्या पोटाला घालायचं. तुम्हाला होडी पायजे का मालक व्हायचंय?"

हरेश्वरला राग आला. तो उठून दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. "बाबांना मालकानं भर बाजारात आई-बहिणीवरनं बोललेलं मी ऐकलंय," तो म्हणाला. "मला तसली बोट पाहिजे होती."

हर्षदा जवळ सरकली. "व्हय. पण बाबा आता ते इसरलेत. तुम्हीच धरून बसलाय. लहान घेऊ. सकाळी जाऊन दुपारी येता यील आशी. तुम्ही आन् मी."

"तू?"

"मग? मी काय घरी बसू?"

बाहेरच्या बाजेवरून आण्णा उठून बसले. "बाईमाणसानं दर्यात जायचं?"

तानुबाईने परातीतला हात काढला. ती फारसं बोलणारी नव्हती. "मी गेलीया," ती म्हणाली. "बाणकोटच्या खाडीत. तुम्ही मेंढरं घेऊन म्होरल्या होडीत हुता, मी मागल्या. ही पोटात हुती. मधी माझ्या होडीतली मेंढरं बिथरली आन् समदी एका अंगाला गेली. पाणी आत आलं. होडीवाला वरडाय लागला, पर त्याचं आयकायला मेंढरं काय माणसं हायती? मी लोळण घेतली आन् दुसऱ्या अंगाला जाऊन पडले. पाच-सहा मेंढरांला शिंगाला धरून वढलं."

"हे मला कवा सांगितलं न्हाईस," आण्णा म्हणाले.

"इचारलं कवा तुम्ही?" तानुबाई म्हणाली, आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

उन्हं उतरल्यावर हरेश्वर मारुतरावांकडे निघाला. नाही म्हणायचं ते त्यानेच सांगायला हवं होतं. तो गल्लीच्या तोंडाशी पोचला, तर मागून वहाणांचा आवाज आला. आण्णा होते. दोघे बरोबरच चालत राहिले.

मारुतराव आणि सत्यजीत दोघेही ओसरीवर होते. आतून सत्यजीतच्या आईने, कस्तुराबाईंनी, चहा पाठवला. हरेश्वर बोलायला लागला, "दादा, होडी चांगली आहे, पण..." आणि तिथेच अडखळला. सत्यजीतने त्याला काम शिकवलं होतं, अडचणीला उभा राहिला होता.

आण्णांनी कप खाली ठेवला. "आप्पा, चूक माझी हाय. म्या कुणाला न इचारता तुमच्याकडं मागितली. मला वाटलं, लेकीसाठी कायतरी करावं. त्यांना काय पायजे हे म्या इचारलंच न्हाई. तवाबी न्हाई इचारलं, आन् आत्ताबी न्हाई."

मारुतरावांना त्यातला अर्धाच भाग कळला. हरेश्वरला सगळा कळला. त्याने मान खाली घातली.

सत्यजीत नाराज झाला होता. "मी ती दुसऱ्याला दिली नाही, तुझ्यासाठी ठेवली," तो म्हणाला. मग चहाचा घोट घेऊन त्याने विचारलं, "बरं, तुला पाहिजे तसली इथं करता येईल का?"

"साचा नाही आपल्याकडं."

"तिकडची एखादी जुनी लाकडी होडी आणली तर? तिच्यावरनं साचा काढू. पहिली होडी तुझी. साचा शेडमध्ये राहील. कोकणातली गिऱ्हाइकं मला मिळतील."

"मग हे उपकार नाहीत," हरेश्वर पटकन म्हणाला.

"नाहीत. धंदा आहे," सत्यजीत म्हणाला, आणि तेव्हा कुठे हसला.

पुढच्या आठवड्यात हरेश्वर आणि हर्षदा भरडखोलला गेले. पावसाळा तोंडावर आला होता आणि होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. ओहोटीच्या वेळी दोघे वाळूवरून एकेक होडी बघत हिंडले. हरेश्वर बूड बघायचा, टोकाची उंची बघायचा, कडेशी उभा राहून जाळं ओढताना कंबर कुठे येईल ते बघायचा. मग दोघे मालकाला विचारून होडीला खांदा लावायचे. खाली ओंडके घालून दोघांच्याने ती सरकते का, हे बघायचं होतं. हरेश्वरला आवडलेली पहिली होडी जागची हलली नाही. दुसरी सरसर गेली, पण तिचं टोक इतकं खाली की पहिल्याच लाटेत ती पाणी प्यायली असती. हर्षदाचे तळवे सोलले. गिताबाई लांबून बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "ती बघा, पलीकडची."

एका म्हाताऱ्या कोळ्याची ती होडी होती. लाकूड कुजलेलं, पण टोक उंच आणि खाली धार सरळ शेवटपर्यंत गेलेली. दोघांनी जोर लावला. आधी हलली नाही. "लाट येऊन मागून उचलेल तेव्हा ओढायचं, कोरड्यात नाही," म्हातारा म्हणाला. भरती चढून पाणी होडीपर्यंत येईस्तोवर ते थांबले. मग पाण्याच्या ढकलीबरोबर दोघांनी ओढली आणि होडी कोरड्या वाळूवर आली. हर्षदा धाप लागून खाली बसली. "हीच," ती म्हणाली.

म्हाताऱ्याकडून घेतलेली ती जुनी होडी ट्रकवरून घाट चढून दौंडला आली. तिच्या भेगा बुजवून, घासून, तिच्यावरून साचा निघाला. हरेश्वरने साच्यात आपली होडी घातली. हर्षदा रोज शेडची सुट्टी झाल्यावर येऊन मॅट कापून द्यायची. नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावर दोघे भरडखोलला राहायला गेले आणि होडी समुद्रात उतरली.

सगळं नीट झालं असं नाही. पहिल्या दिवशी हर्षदा किनारा दिसत असतानाच ओकली आणि परत येईपर्यंत ओकत राहिली. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. गावात बायका कुजबुजल्या. होडीही सर्वगुणसंपन्न नव्हती. वारा आडवा असला की पाण्याचे शिंतोडे आत यायचे, आणि कड अजून वीतभर वर घ्यायला हवी होती, हे हरेश्वरने आठवडाभरात कबूल केलं. पुढच्या होडीसाठी त्याने सत्यजीतला तसा निरोप धाडला. निळी होडी उजनीच्या एका माणसाने नेली होती आणि तो तिच्यावर खूश होता.

चौथ्या दिवशी हर्षदा कोरडी भाकरी खाऊन पुन्हा होडीत बसली.

दिवाळीच्या आधी तिने बाजारातल्या फोनवरून वडगावला शेजाऱ्यांकडे फोन लावला. तानुबाईला बोलवायला माणूस गेला. ती धावत आली आणि तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आज मांदेली लई घावली," हर्षदा म्हणाली. "थोडे बोंबीलबी. मधीच वारं फिरलं, मोठी लाट आली. ह्यांनी सांगितलं, सुकाणू तू धर. मी धरलं."

"भ्यालीस का गं?"

"भ्याले की. मग लाट गेली, आन् जाळं वढायचं ऱ्हायलं हुतं, म्हणून वढलं."

तानुबाई शेतात आली तेव्हा आण्णा कांद्याच्या वाफ्याला पाणी देत होते. ती बांधावर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. आण्णांनी खोरं मातीत रोवलं.

"सुकाणू म्हंजी काय असतं?" त्यांनी विचारलं.

तानुबाईलाही ते नीट माहीत नव्हतं. दोघे बांधावर बसले, आणि खाडी ओलांडताना होडीवाला मागे बसून हातात काय धरायचा, ते तिला जसं आठवलं तसं ती सांगायला लागली.