भरावावरचा फेरा

भरावावरच्या वाटेकडेला शोभेसाठी ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यावर कोयता टेकवून वीरधवल कानस मारत होता. सकाळी फिरायला आलेली माणसं त्याच्याकडं न बघता पुढं सरकत होती. ऊसतोडीचे दिवस नव्हते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

डेअरीला दूध घालून आलेली अंबूबाई चिंचेखाली थांबली. रिकामी किटली तिनं खाली ठेवली.

मिरजेची छोटी गाडी बंद पडली, रूळ उचलून नेले, तेव्हा रुळांखालचा हा मोकळा भराव कुणाचा यावरून दोन चुलतघरं भिडली होती. म्हैस कुणी बांधायची, एवढ्यावरून बोलाचाली झाली आणि चुलतदीर जोतिबानं अंबूबाईच्या नवऱ्याच्या मानेत कुऱ्हाड घातली. ती धावत पोचली तेव्हा खडी लाल झाली होती, आणि लहानगा वीरधवल बापाच्या पायातून निसटलेली चप्पल परत पायात घालू बघत होता.

जोतिबाला जन्मठेप झाली. भरावावर वेड्या बाभळी माजल्या. अलीकडं अंबूबाईचं घर, पलीकडं जोतिबाचं. सरपणाला गावभर हिंडली, पण या दोन घरांनी त्या बाभळींची फांदी कधी तोडली नाही. जोतिबा सुटून आला तरी मध्ये काटा होता, म्हणून दिवस निघत होते.

मग नगरपंचायतीनं भरावावर फिरायची वाट करायची ठरवलं. जेसीबीनं बाभळी उपटल्या, फरशी बसली, बाकडी आली. बाभळी गेल्या त्या सकाळी अंबूबाईनं दार उघडलं तर समोर जोतिबाचं अंगण. तो तोंड धूत होता. तिच्या पाठीमागं वीरधवल उभा होता.

हृदयाचं ऑपरेशन होऊन जोतिबाच्या छातीत तार घातलेली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. चालायला वाट ही एवढीच.

कानस थांबली. काठी टेकत आलेला जोतिबा रुळापाशी उभा राहिला.

"कुणासाठी रं एवढी धार?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"हाय की. तुजा बा बी असाच बसायचा, पाय फाकून."

वीरधवल उठला तो कोयता उगारूनच. जोतिबा जागचा हलला नाही. कोयता खाली आला तेव्हा मध्ये अंबूबाईचा हात होता. कोपराखाली मांस उघडं पडलं. वीरधवलनं तिला ढकललं. ती पडली, उठली आणि पुन्हा मध्ये आली. दुसरा घाव फरशीवर बसला, टवका उडाला.

"आये, बाजूला हो. माझा बा मारलाय त्येनं."

"मला सांगतोस व्हय?" पदर दंडाला आवळत ती म्हणाली. "एक मसणात घातला. दुसरा जेलात घालू?"

दवाखान्यात तिनं विळीवर पडल्याचं सांगितलं.

टाके ओले असतानाच ती पुन्हा भरावावर आली. जोतिबा निघाला तशी रुळाच्या बाजूनं, त्याच्या उजव्या अंगाला लागून चालू लागली. दिराच्या बरोबरीनं ती उभ्या जन्मात चालली नव्हती. वीरधवल रुळावर बसलेला, मांडीवर कोयता. दोघं त्याच्यासमोरून गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग रोजच.

डेअरीवर दूध घालायला आलेल्या तानुबाईनं तिचा हात धरला.

"लय मोठं मन गं तुजं, अंबू. मला न्हाई जमलं असतं."

अंबूबाईनं किटली पुढं सरकवली.

एकदा वाटेच्या टोकाला जोतिबा दम खायला टेकला. बराच वेळ काठीनं फरशीची फट उकरत राहिला.

"वैनी, एक इचारू? माफ केलंसा मला?"

"न्हाई."

त्यानं मान हलवली. उठून परतीला लागला. आता रूळ डाव्या हाताला येणार होता. अंबूबाई त्याच्या मागून फिरली आणि डाव्या अंगाला आली.