तीस रुपयांचा चारा

मी काशाप्पाचे महिन्याला साठ रुपये वाचवले. तेव्हापासून तो माझ्या दुकानाची पायरी चढत नाही.

मन्नाएखेळ्ळीला हायवेवर माझं मोबाईल रिचार्जचं दुकान. ही दोन हजार अकराची गोष्ट. फोनमधल्या गेमवर पैसे घालावेत की नाही, हे लोक मला विचारायचे आणि मीही न्यायाधीशाच्या थाटात सांगायचो. रेसच्या गेममध्ये नवे रस्ते मिळत असतील तर पन्नास रुपये ठीक. नुसता गाडीचा रंग बदलायला दहा मागत असतील तर ती लूट. आणि दर पंधरवड्याला हात पसरणारा गेम तर फुकटही घेऊ नये. माझा निकाल सहसा चुकत नसे, म्हणून तर माझ्या डोक्यात हवा गेली होती.

काशाप्पाच्या फोनमध्ये तसलाच गेम होता, मेंढ्या पाळायचा. तीस रुपयांचा मेसेज गेला की पंधरा दिवसांचा चारा मिळायचा. नाही गेला की मेंढ्या एकेक करून मरायच्या. फोन त्याच्या मल्लेशचा. पोरगा हैदराबादेत बांधकामावर होता, सातव्या मजल्यावरून पडला. त्याच्या मागं घरी आलं ते एवढंच, कपड्यांची पिशवी आणि हा फोन.

मल्लेश शहरात गेला त्या साली बापानं घरच्या शेवटच्या अकरा मेंढ्या विकल्या होत्या. गेममध्ये रंग, कान, ठिपके आपल्याला निवडता यायचे. मल्लेशनं त्याच अकरा जणी तिथं पुन्हा उभ्या केल्या होत्या.

"ही भोरी," काशाप्पा काचेवर बोट ठेवून मला दाखवायचा. "ही फाटक्या कानाची. पोरगं एकीला बी इसरलं न्हाई बघ."

"खोट्या मेंढ्या त्या, मामा. दूध न्हाई, लोकर न्हाई. कामून पैसे घालायलाव?"

"लेकरानं राखल्यात. उपाशी कशा ठिवू?"

मला त्याचा राग यायचा. सत्तरीचा माणूस दुसऱ्याच्या तुरीत रोजानं राबायचा आणि मजुरी कुठल्या तरी कंपनीच्या घशात घालायचा. एका सोमवारी त्यानं रिचार्जसाठी फोन माझ्या हातात दिला आणि माठातलं पाणी प्यायला वळला. मी त्याला न विचारता गेम काढून टाकला.

"सुटलाव मामा. आता रुपया बी जायचा न्हाई."

त्यानं मल्लेशनं शिकवलेलं मधलं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग पायरीवर खाली बसला.

"समद्या गेल्या?"

"व्हय."

"भोरी बी?"

तेव्हाही मला वाटलं, म्हातारा दोन दिवसांत विसरेल. तिसऱ्या दिवशी त्याची बायको म्हाळसा आली. "जेवंना झालेत," म्हणाली. "नुसतं फोन धरून बसायलेत." मला माझीच लाज वाटली. मी तिच्याबरोबर घरी गेलो, गेम पुन्हा उतरवला, पदरचे नव्वद भरून मेंढ्या कोंडायचा मोठा वाडगा आणि अकरा मेंढ्या घेतल्या. आठवले तसे रंग दिले, एकीचा कान फाडला.

काशाप्पा प्रत्येकीकडे बराच वेळ बघत राहिला. पाचशे मेंढरांत आपली एक तोंडावरून ओळखणारा माणूस तो. मला मेंढी म्हणजे मेंढी.

"ह्या आमच्या न्हाईत," तो म्हणाला. "ज्येच्या हायत त्येला नेऊन दे."

फोन त्यानं माझ्या हातात ठेवला. मी उंबऱ्यापर्यंत आलो तशी मागून हाक आली. बंडीच्या खिशातून त्यानं दहाच्या तीन नोटा काढल्या.

"दुसऱ्याच्या असल्या तरी मुकी जनावरं हायत. धनी घावस्तोवर चारा घाल."

फोन माझ्या गल्ल्यात आहे. धनी सापडायचा नाही, हे मला ठाऊक आहे. दर पंधरा दिवसांनी मी मेसेज पाठवतो.