बिनदातांचा प्राणी

लेखकमहाराजांच्या पुस्तकांतले अद्भुत प्राणी दातांपासून सुरू होत, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक नव्हतं. महाराज मुलाखतींत सांगत, की हे प्राणी मला पहाटे दिसतात. पहाटे महाराज घोरत असायचे. प्राणी दिसायचे त्यांच्या बायकोला, तेही भर दुपारी, दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत. तिथे ती बावीस वर्षं कवळ्या बनवत होती.

तिची रीत साधी होती. प्लास्टरचा एखादा जबडा उरला, की त्यावर मेण लावून दात बसवून बघायचे. दात कळले की प्राणी काय खातो ते कळतं, खाणं कळलं की राहतो कुठे ते कळतं, मग त्याला भीती कशाची वाटते तेही कळतं. लग्नाच्या वर्षी महाराजांनी लिहिलेला प्राणी आग ओकायचा, उडायचा आणि वर पाण्याखालीही राहायचा. "पण हा जेवतो काय?" असं तिने विचारलं आणि महाराजांची दातखीळ बसली. तेव्हापासून प्राणी तिचे आणि पुस्तकं त्यांची.

धुकं चरणारा गवा तिचा. महाराजांच्या गाजलेल्या कवितेतला, हाका गिळणारा मासाही तिचाच. दर वेळी ती विचारायची, माझं नाव कुठे टाकणार? दर वेळी उत्तर एकच, पुढच्या पुस्तकात नक्की. तिला काही हारतुरे नको होते. पण एकदा नणंद चारचौघांत म्हणाली, की दादाचं डोकं आभाळात आणि वहिनीचं लोकांच्या तोंडात. सगळे हसले, महाराजही हसले. ते तिच्या फार जिव्हारी लागलं.

नववं पुस्तक या प्राण्यांच्या मालिकेतलं शेवटचं होतं. महाराजांनी शब्द दिला, की या पुस्तकात तुझं नाव छापणार म्हणजे छापणार. फक्त असा प्राणी दे, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.

या वेळी तिने जबड्यावर एकही दात बसवला नाही. गुळगुळीत हिरड्या तेवढ्या ठेवल्या आणि सोबत कागदावर लिहिलं: हा शिकार करत नाही. दुसऱ्याच्या तोंडाशी बसतो, त्याने चावून मऊ केलेलं गिळतो आणि डोंगरावर चढून अशी डरकाळी फोडतो, की रानाला वाटतं शिकार यानेच केली. ज्याचं खातो तो झिजत जातो, पण याला त्याचा पत्ताच नसतो. भूक लागली की हा त्याला उठवायला तेवढा जातो.

कागद तिने त्यांच्या चष्म्याजवळ ठेवला. त्यांनी नुसतं 'हा मीच की' म्हटलं असतं, तर ती बावीस वर्षं विसरणार होती. मनाशी तसं तिने ठरवूनच टाकलं होतं.

महाराजांनी चहा पिता पिता वाचलं. त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

"बिचारी," ते म्हणाले.

"बिचारी कोण?"

"अगं, ही. हिला मादी करतो. दुसऱ्याच्या जिवावर असं जगणं नराला शोभत नाही."

सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण नावाची आस वाईट. तिने विचारलं ते एवढंच, "नाव टाकणार ना?"

चार महिन्यांनी पुस्तक आलं. मुखपृष्ठावर नाव एकट्या महाराजांचं होतं. तिने पान उलटलं. अर्पणपत्रिकेत लिहिलं होतं, 'जिच्याकडे पाहून मला ही बिनदातांची बिचारी सुचली, त्या माझ्या पत्नीस.' खाली तिचं नाव होतं, आडनावासकट, एकही चूक न करता छापलेलं.

"झालं समाधान?" महाराजांनी कौतुकाने विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

पुस्तक धो धो खपलं. नणंदेने फोन करून सांगितलं, की वहिनी, तुला वाचून मला रडू आलं. डॉक्टरांनी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला अर्पणपत्रिका दाखवली. लोक तिच्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. आणि हा प्राणी माझा आहे असं सांगायची आता सोयच उरली नव्हती, कारण तो प्राणी म्हणजे तीच, हे सगळ्यांना पटलं होतं.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी ती जरा आडवी झाली होती. खांद्यावर हात पडला.

"अगं ऊठ," महाराज म्हणाले. "कवितांचं पुस्तक काढतोय. एक प्राणी हवाय."